नंबराची टोपी

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका! जेवणाच्या टेबलाजवळची किंवा शाळेतल्या बाईंची खुर्ची नव्हे मी. मी सलूनमधली खुर्ची आहे. माझं बूड ओतीव लोखंडाचं, अंगावर लाल रेक्झिन, मागे डोकं टेकायला उशी, पुढे पाय ठेवायला लोखंडी जाळी, आणि बाजूला पायाने दाबायची एक दांडी. ती दांडी दाबली की मी खच् खच् करत वर जाते, आणि उचलली की सुस्कारा टाकत खाली येते. तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्या हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसून भोकाड पसरून रडले असतील. आता मोठे झालात म्हणून विसरलात. मी नाही विसरले. मला सगळ्यांची डोकी आठवतात.

सध्या मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत अडकून पडले आहे. अडकून म्हणजे अगदी खरोखर. या घराच्या दारातून मी बाहेर निघूच शकत नाही. हे कसं झालं, आणि माझ्याबरोबर आणखी कोण अडकलं होतं, ते सांगते. सरसावून बसा. नाही, खरं तर बसूच नका. उभ्याउभ्याच ऐका. का ते पुढे कळेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाने माझं बूड ओतलं, दुसऱ्याने पंप बसवून त्यात तेल भरलं, आणि शेवटी गादी बसवणाऱ्या एका काकांनी मला रेक्झिन चढवलं. हे काका फार चिकित्सक होते. प्रत्येक खुर्ची तयार झाली की ते स्वतः तिच्यात बसायचे, डोकं टेकायचे, डोळे मिटायचे आणि लगेच ताडकन उठायचे. कुणीतरी त्यांना विचारलं, "काका, जरा टेका की. एवढी काय घाई?" तर म्हणाले, "अरे, ही घरातली आरामखुर्ची नाही. हिच्यात माणसाला बरं वाटलं पाहिजे, पण मुक्काम ठोकावासा वाटता कामा नये. उठायला जमतंय का तेच बघतोय मी." तेव्हा मी नवी होते. मला ते बोलणं काही कळलं नाही.

मला विकत घेतलं मामांनी. त्यांचं सलून म्हणजे एक चिंचोळी खोली होती. समोर आरसा, मागे आरसा, मध्ये मी, आणि भिंतीला लागून एक लांब बाक. बस्स. पण काय सांगू तुम्हाला तिथली मजा! सगळा रस्ता त्या खोलीत येऊन बोलायचा. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची नोकरी गेली, कोण कुणाशी बोलत नाही आणि का बोलत नाही, हे सगळं आधी माझ्या कानावर यायचं. माणूस घरी जे बोलत नाही ते आरशात बघून बोलतो. मामांची कात्री चालू असायची आणि मधूनमधून "हं", "मग?", "आता काय करता?" एवढंच. त्या "मग?" वर माणसं तासभर बोलायची.

मामांचे दोन नियम होते. पहिला नियम नंबराचा. बाकावर गर्दी असली आणि कुणाला मध्येच काम निघालं, तर तो आपली टोपी किंवा पिशवी बाकावर ठेवून जायचा. "मामा, माझा नंबर आहे हं." मग तो माणूस बाजार करून येवो, नाहीतर जेवून येवो, मामा त्याचा नंबर राखायचे म्हणजे राखायचे. कितीही मोठा माणूस घाईत आला तरी मामा टोपीकडे बोट दाखवून सांगायचे, "तुमच्या आधी हे आहेत." एकदा एकजण पिशवी ठेवून गेला तो थेट दुसऱ्या दिवशीच उगवला. मामांनी त्याला सगळ्यांच्या आधी बसवलं! बाकीचे चिडले. मामा म्हणाले, "नंबर त्याने ठेवला होता. तो मी मोडला असता तर चूक माझी."

दुसरा नियम माझ्याबद्दलचा होता. मामा स्वतः माझ्यात कधीच बसायचे नाहीत. दुपारी सगळं शांत असायचं, मी रिकामी असायची, मामांचे पाय उभं राहून भरून आलेले असायचे, तरी ते जाऊन दाराच्या पायरीवर बसायचे. "खुर्ची गिऱ्हाइकाची," ते म्हणायचे. "तिच्यात मीच बसलो तर गिऱ्हाईक दारातून परत जाईल." गिऱ्हाईक दिसलं की ते टुणकन उठायचे, खांद्यावरचा टॉवेल माझ्या गादीवर दोनदा झटकायचे, फट् फट्, आणि म्हणायचे, "या, बसा." त्या झटक्यासाठी मी वाट बघत असायची.

गिऱ्हाइकांत एक होते वकील. कसले वकील! बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. पण वाद घालायची अशी खोड की सगळे त्यांना वकीलच म्हणायचे. डाव्या कल्ल्यापेक्षा उजवा कल्ला केसभर लांब आहे, यावर ते मामांशी अर्धा तास भांडायचे. मामा शांतपणे म्हणायचे, "वकीलसाहेब, तुमचे कानच वरखाली आहेत. त्याला मी काय करू?" मग सगळा बाक हसायचा. वकीलही हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच खटला उभा करायचे. चौकड्यांची एक टोपी होती त्यांची. केसांत पावडर मारून झाली की ती डोक्यावर चढवायचे आणि आरशात बघून स्वतःलाच नमस्कार करायचे.

अशी वर्षं गेली. मामी गेल्या. मामांचे केस पांढरे झाले, गिऱ्हाइकांचेही झाले, काहींचे तर गेलेच. आणि एका सकाळी सलूनला निघालेले मामा घराच्या ओल्या जिन्यावरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, "हाड जुळेपर्यंत आराम. मग हळूहळू चालायचं."

मित्रांनो, आता नीट ऐका. मामांचा मुलगा आणि सून वाईट नव्हते. वाईट असते तर मी दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. त्यांचा बाबांवर जीव होता, आणि सगळा घोटाळा त्या जिवापायीच झाला. मुलाने विचार केला, आता बाबांना सलून झेपायचं नाही. त्याने जागा सोडून दिली. पण बाबांना त्यांची खुर्ची तरी हवी, असं त्याच्या मनात आलं. चार हमाल लावून त्याने मला तिसऱ्या मजल्यावर चढवलं. मी काही हलकी नाही. दारातून मी आत जाईना, तेव्हा दार बिजागरीतून काढलं, मला तिरकं केलं आणि कसंबसं आत घातलं. पुढच्याच आठवड्यात त्या जुन्या दाराच्या जागी, बाबा आता दिवसभर घरी असणार म्हणून, भक्कम लोखंडी चौकटीचं दार बसवलं. ते आधीच्यापेक्षा अरुंद. झालं! मी कायमची आत.

मामा दवाखान्यातून घरी आले. खोलीत मला बघून थबकले. चेहरा असा उजळला की काय सांगू. मुलगाही खूश झाला.

"बाबा, बसा. तुमचीच खुर्ची आहे."

"मी नाही बसत हिच्यात," मामा म्हणाले.

"अहो बाबा, आता गिऱ्हाईक कुठंय?"

मुलगा हे हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण मामांच्या तोंडावरचा उजेड मालवला, तो मी बघितला. ते वळले, मुलाच्या आणि सुनेच्या आधाराने मागे सरकले आणि माझ्यात बसले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा मामांचं वजन कळलं. अगदी हलके होते हो.

सुरुवातीला मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? माझे मामा माझ्याजवळ आले होते. मी त्यांची पाठ धरली, मान धरली. सुनेने माझ्या हाताशी एक टेबल ठेवलं. त्यावर पाणी, गोळ्या, चष्मा, टीव्हीचा रिमोट. हात लांब केला की सगळं. मुलाने दांडी उचलून मला अगदी खालपर्यंत बसवलं, म्हणजे बाबांचे पाय नीट टेकतील आणि ते पडणार नाहीत. पाठ मागे कलती केली, म्हणजे डुलकी लागली तरी पुढे झुकणार नाहीत. चालायला आणलेला वॉकर कोपऱ्यात गेला आणि त्यावर टॉवेल वाळत पडू लागले.

हाड जुळलं. पण डॉक्टरांकडे पुन्हा विचारायला कुणी गेलंच नाही. आराम सांगितला होता ना? मग आराम चालू. सकाळी उचलून माझ्यात बसवायचे, रात्री उचलून पलंगावर निजवायचे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाण्याचे पाइप दिसायचे. मामा त्या पाइपांकडे बघत बसायचे. मीही तेच बघायची. दुसरं करणार काय?

सुरुवातीला माणसं यायची. बेल वाजायची, आणि सुनेचा आवाज ऐकू यायचा, "बाबा आत्ताच झोपलेत. डॉक्टरांनी आराम सांगितलाय ना." माणूस जिना उतरून जायचा. आणि मित्रांनो, मामा टक्क जागे असायचे! बेल वाजली की त्यांची पाठ माझ्यापासून सुटायची, ते पुढे सरकायचे, कान टवकारायचे. दार बंद झालं की पाठ पुन्हा मला टेकायची. एकदा हलक्या आवाजात म्हणाले, "तिचं तरी काय चुकलं? दिवसभर राबते पोर. त्यात माझ्यापायी चहा-पाणी कुणाचं करणार?" हे ते मला म्हणाले की भिंतीला, कोण जाणे.

मग बेल वाजली तरी त्यांची पाठ सुटेनाशी झाली. तेव्हा मला भीती वाटली. त्यांचे पाय सुजू लागले. जेवण अर्ध्यावर राहू लागलं. मुलाने काही विचारलं तर मामा फक्त मान हलवायचे. "बाबा विसरायला लागलेत," मुलगा सुनेला हळूच म्हणाला. अरे, विसरत नव्हते रे! बोलायला कुणी नसलं की शब्दच गंजतात. औषधाच्या दुकानात विचारून आणलेल्या ताकदीच्या एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. पण सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? रोज सकाळी मुलगा मायेने बाबांचे केस विंचरायचा आणि भांग उजवीकडून काढायचा. मामांचा भांग जन्मभर डावीकडून. ज्या माणसाने सगळ्या रस्त्याचे भांग काढले, त्याचा स्वतःचा भांग उलटा निघत होता आणि तो चकार शब्द बोलत नव्हता. 

आणि मला कळून चुकलं की मामांना धरून ठेवणारी मीच आहे. खाली बसवलेली, मागे कललेली, खोल. माझ्यातून उठायचं म्हणजे विहिरीतून वर येण्यासारखं झालं होतं. उन्हाळ्यात माझं रेक्झिन त्यांच्या पाठीला चिकटून बसायचं आणि मला स्वतःची शिसारी यायची. त्या गादीवाल्या काकांचं बोलणं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. ज्या खुर्चीतून उठता येत नाही ती कसली खुर्ची? मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठलं? फार तर कुरकुरायची. मुलाने येऊन बिजागऱ्यांत तेल घातलं. माझी कुरकूरही बंद झाली.

अशात एका दुपारी बेल वाजली. सुनेने दार उघडलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं.

"काका, बाबा झोपलेत."

"मागच्या वेळी आलो तेव्हाही झोपलेच होते," बाहेरून आवाज आला. "त्याच्या आधीही. सूनबाई, एवढं तर तान्हं मूलही झोपत नाही."

वकील होते! मामांचे डोळे उघडले.

"डॉक्टरांनी आराम सांगितलाय हो काका. बोललं की दमतात ते."

"मी दमवायला नाही आलो. केस कापायला आलोय. बघा माझा अवतार! सलून बंद झाल्यापासून या डोक्याला कात्री लागलेली नाही. दुसऱ्याकडे जाणार नाही मी. माझे कान वरखाली आहेत, ते फक्त त्यांनाच ठाऊक आहे."

सून हसली, पण दारातून हलली नाही. "काका, बाबा आता केस कापत नाहीत. हात थरथरतो त्यांचा."

 मला वाटलं, वकील गेले. मग त्यांचा आवाज आला, पण जरा वेगळा, हळू. "बरं. ही माझी टोपी इथं ठेवतो, चपलांच्या कपाटावर. राहू द्या." आणि काठी टेकत ते जिना उतरू लागले. तीन मजले. त्यांचा दम मला आतपर्यंत ऐकू येत होता.

सून टोपी घेऊन खोलीत आली. "बाबा, तुमचे ते वकीलकाका टोपी विसरून गेले बघा," असं म्हणत तिने ती टेबलावर गोळ्यांशेजारी ठेवली आणि ती कामाला गेली.

विसरून! बाई गं, तुला काय ठाऊक! मामा त्या टोपीकडे बघत राहिले. चौकड्या विटल्या होत्या, कड उसवली होती. त्यांनी हात लांब केला, टोपीला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं, चटका बसल्यासारखं. संध्याकाळी मुलगा आला. "ही कुणाची टोपी? ठेवून देऊ का आत?" तर मामा म्हणाले, "हात लावू नकोस." कितीतरी दिवसांनी ते एवढं बोलले हे ऐकून मुलगा बघतच राहिला.

"अहो, पण आहे कुणाची?"

"नंबर आहे," मामा म्हणाले.

मुलाने सुनेकडे बघितलं. सुनेने कपाळाला आठी घातली. बाबांचं डोकं जास्तच बिघडलं, असं दोघांच्याही मनात आलं. मला मात्र उड्या माराव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी सून स्वयंपाकघरात गेल्यावर मामांनी दोन्ही हात माझ्या हातांवर रोवले आणि जोर लावला. वीतभर उठले आणि धपकन खाली आले. पुन्हा जोर लावला, पुन्हा धपकन. तिसऱ्यांदा तर उठलेही नाहीत. घामाघूम झाले. "नाही जमत," ते पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांतही आलं असतं. रोज सून पाठमोरी झाली की हेच चालायचं, आणि रोज मी त्यांना खाली ओढायची. मी ओढत नव्हते हो! पण माझा आकारच तसा करून ठेवला होता, त्याला मी काय करू?

आणि मग एका दुपारी मामांची नजर त्यांच्या काठीवर गेली. दवाखान्यातून दिलेली ती काठी टेबलाला टेकून उभी होती. त्यांनी ती घेतली, वाकून खाली बघितलं आणि काठीचं टोक माझ्या दांडीवर ठेवलं.  मामांनी काठी दाबली. दांडी जरा हलली. पुन्हा दाबली, दोन्ही हातांनी. खच्.

मी वर गेले! बोटभरच, पण गेले. पुन्हा खच्. मामा हसले. ते थांबत होते, दम घेत होते, पुन्हा दाबत होते, आणि मी वर वर जात होते. माझं तेल जुनं आहे, मी जरा वजन पडलं की खाली घसरते. पण त्या दुपारी मी जीव मुठीत धरून जागच्या जागी राहिले. शेवटी मामांनी पुढे सरकून पाय जाळीवरून जमिनीवर टेकवले, गुडघे सरळ झाले. आता खोल विहीर नव्हती, काठ होता. मामांनी काठी टेकली, माझा हात धरला आणि उभे राहिले.

उभे राहिले, मित्रांनो!  पुढचे काही दिवस हेच आमचं गुपित. सून पाठमोरी झाली की खच् खच्, मग उभं राहायचं, मग एक पाऊल, मग कोपऱ्यातल्या वॉकरपर्यंत. कुणाची चाहूल लागली की पुन्हा माझ्यात. मामा शाळा चुकवणाऱ्या पोरासारखे खुशीत असायचे.

आणि मग वकील आले. बेल वाजली, दार उघडलं.

"काका, बाबा झोपले—"

फट् फट्!

सून गर्रकन वळली. खोलीच्या उघड्या दारातून मामा दिसले, माझ्याशेजारी उभे. एका हाताने वॉकर धरलेला. त्यांनी त्यावरचा टॉवेल उचलून माझ्या गादीवर दोनदा झटकला होता.  शब्द तेच होते.

"या, बसा. तुमचाच नंबर आहे."

सून किंचाळली, "बाबा! पडाल!" आणि धावत येऊन त्यांना धरू लागली. मामा म्हणाले, "सूनबाई, धरायचं असेल तर या बाजूने धर. कात्रीचा हात मोकळा लागेल मला." वकील दारात उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण स्वभाव कुठे जातो? नाक ओढत म्हणाले, "फार वाट बघायला लावली. पूर्वी असं नव्हतं तुमच्याकडे."

वकील माझ्यात बसले. बापरे, काय त्यांचे केस! मानेवर रुळत होते. कपाटाच्या दाराला आरसा होता, ते दार उघडून समोर धरलं. मामांची कात्री-वस्तऱ्याची पेटी काढली. वस्तऱ्याला मामांनी हातही लावला नाही. "दाढी घरी करा. हा हात आता वस्तऱ्याचा नाही." कात्री मात्र घेतली. ती आधी जरा अडखळली, मग चालू लागली. हात थरथरायचा थांबला नाही. एक बट आखूड, एक लांब, अशीच कापली गेली. वकिलांनी खटला उभा केला, मामांनी कान वरखाली असल्याचं सांगितलं, आणि वॉकर धरून उभी असलेली सून तोंडाला पदर लावून हसत सुटली. मामा "मग?" म्हणाले आणि वकील बोलायला लागले. कारखान्यातला कोण गेला, कोण आजारी आहे, सलून बंद झाल्यापासून सगळे कसे पांगले, आणि स्वतः वकीलही कसे दिवसभर घरात भिंतीशी वाद घालत बसतात. "भिंत हरत नाही हो," ते म्हणाले. कुणीच हसलं नाही.

डावी बाजू झाली आणि मामांचे पाय कापू लागले. सुनेने घाईघाईने स्टूल आणलं. वकिलांनी हात वर केला. "बस. अर्धी राहू द्या."

"अहो काका, असे अर्धे केस घेऊन रस्त्याने जाणार?"

"मग? उरलेल्या अर्ध्यासाठी परत यावं लागेल ना मला? आता सांगा 'बाबा झोपलेत' म्हणून!"

आणि हा माणूस खरंच डोक्याची एक बाजू भादरलेली आणि दुसरी वाऱ्यावर उडणारी, असा रस्त्याने निघाला. टोपी घालून झाकता आलं असतं. नाही घातली. हातात घेऊन फिरला. भेटेल तो विचारायचा, "वकील, हे काय?" आणि वकील छाती काढून सांगायचे, "मामांनी सुरू केलंय. नंबर लावा."

संध्याकाळी मुलगा तावातावाने घरी आला. कोपऱ्यावर चार जणांनी त्याला थांबवून विचारलं होतं. "बाबा, पडला असतात म्हणजे? पुन्हा ऑपरेशन? तुम्हाला काही झालं तर मी काय करू?"  घाबरला होता तो.

मामा पलंगाच्या कडेवर बसले होते, माझ्यात नव्हे. म्हणाले, "पडलो असतो तर तू उचललं असतंस. पण या खुर्चीत बसून मी रोज थोडाथोडा खाली चाललो होतो. ते तुला दिसत नव्हतं, म्हणून उचलता येत नव्हतं. अरे, माझं हाड कधीच जुळलं. माणसं तुटली त्याचं काय?"  मामांनी त्याला जवळ बसवलं. "आणि एक. माझा भांग डावीकडून असतो."

मुलगा रडायला लागला. मग उठला, कंगवा घेतला आणि डावीकडून भांग काढला. वाकडाच निघाला, पण डावीकडून.

पुढे मुलगा डॉक्टरांकडे गेला, बाबांची तक्रार करायला! तर डॉक्टरांनी त्यालाच फैलावर घेतलं. "मी हाड जुळेपर्यंत आराम सांगितला होता, जन्मठेप नव्हती सांगितली! चालवा त्यांना. आणि माणसांत ठेवा. त्याची गोळी नाही माझ्याकडे."

वकील उरलेल्या अर्ध्यासाठी आले. मग पाठोपाठ एकेक जण येऊ लागला. कुणाची काठी, कुणाचा दमा, कुणाचे मोजून मापून उरलेले चार केस. केस हे निमित्त होतं, हे मलाही कळत होतं. चपलांच्या कपाटावर टोप्या आणि पिशव्यांची रांग लागायची. मामांच्या पायांची सूज उतरली. ताट पुसून खाऊ लागले. एके दिवशी मुलाचा हात धरून एक मजला उतरले, मग दोन, मग थेट खाली. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत वकिलांनी एक प्लास्टिकची खुर्ची आणि जुना बाक मांडला. आता मामांचं सलून तिथे आहे.

आणि मी? मलाही खाली न्यायचं ठरलं होतं. मुलाने पुन्हा हमाल लावून मला ओढत दारापर्यंत आणलं, उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं. लोखंडी चौकट तसूभर हलेना. "सगळं दार काढावं लागेल," मुलगा म्हणाला. मामा म्हणाले, "राहू दे. खाली साधी खुर्ची चालते."

साधी खुर्ची! प्लास्टिकची! मला फार लागलं ते, मित्रांनो. मी परत खोलीत आले. आता माझ्या अंगावर धुतलेल्या कपड्यांची चळत असते. समोर तेच पाइप. इथून माझी सुटका नाही, हे मला ठाऊक आहे. पण मामा रोज सकाळी निघताना कपडे बाजूला सारतात, माझ्या गादीवर टॉवेल दोनदा झटकतात आणि जातात. माझ्यात पुन्हा कधी बसले नाहीत. आणि परवा बेल वाजली, सुनेने दार उघडलं, आणि मी आतून ऐकलं, "बाबा ना? बाबा घरी नाहीत हो." किती सहज म्हणाली! मी इथे रिकामी, आणि माझा आनंद खोलीत मावेना.

तर मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी, वरच्या मजल्यावर माझ्यासारखी एखादी मऊ खुर्ची असेल आणि तिच्यात कुणीतरी सकाळपासून बसलेलं असेल. त्यांना उशी द्या, पाणी द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यांना काहीतरी काम सांगा, वाद घाला, "मग?" म्हणा आणि ऐका. दुसऱ्याचं घर असेल तर बेल वाजवा. आतून "झोपलेत" असं उत्तर आलं, तर जिना उतरण्याआधी टोपी, रुमाल, दप्तर, जे हाताशी असेल ते दाराशी ठेवा, आणि आत ऐकू जाईल असं खणखणीत सांगा, "माझा नंबर आहे हं."